चेहरा बदलायच्या आधी एवढं वाच

धुळे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी ड्युटीला निघताना वाचला. फोन केला असता, पण फोनवर तू "हो गं आई, ठेवते" म्हणतेस आणि विषय तिथंच संपतो. म्हणून लिहायला बसले.

ऑडिशनला तुला कुणीतरी सांगितलं की रंग दोन शेड उजळ कर, नाक थोडं बारीक करून घे, मग 'लीड'साठी बघू. त्यासाठी तू पैसे मागितलेस. ते पैसे मी देणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पत्र वाचताना तुझं अर्धं लक्ष शेवटी काय उत्तर येतंय याकडे राहणार नाही. तुझं भाडं, तुझं जेवणखाण, तुझं शिक्षण यासाठी मी आणि पप्पा कधीच मागं हटलो नाही, हटणारही नाही. पण हा खर्च मी करणार नाही, आणि का करणार नाही ते तुला नीट कळलं पाहिजे.

पहिलं कारण मी नर्स आहे म्हणून. आमच्या ओपीडीत चेहऱ्याला कुठलंतरी गोरं करणारं क्रीम महिनोन्‌महिने लावलेल्या मुली येतात. त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, मैत्रिणी विचारतात काय लावतेस. मग कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, मुरुमं उठतात, हनुवटीवर लव वाढते. क्रीम बंद केलं की चेहऱ्याची आग आग होते, म्हणून ती पोर परत तेच क्रीम लावते. उन्हात उभं राहवत नाही. आणि तुला तर शूटिंगला उन्हात आणि लाइटखालीच उभं राहायचंय! शिरेतून देतात त्या 'ग्लो'च्या सलाइनबद्दलही तू लिहिलंस. रंग उजळण्यासाठी ते देण्याला भक्कम वैद्यकीय आधार नाही. कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी हात पुढे करू नकोस.

दुसरं कारण सांगायला जास्त जागा लागेल, कारण त्यात स्मिता पाटील आहे.

आपल्याकडे तिच्यावर जरा जास्तच हक्क सांगतात. वडील शिरपूरचे, शिवाजीराव गिरधर पाटील, स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्यात मंत्री झालेले. त्यामुळे धुळ्यात कुणीही म्हणतं, "आपली स्मिता." तुझ्या पिढीला मात्र ते पोस्टरवरचे डोळे तेवढे माहीत आहेत. डोळे सुंदर होतेच, पण डोळ्यांवर काम मिळत गेलं असं समजलीस तर तिच्याकडून शिकण्यासारखं सगळं हातचं निसटेल. ती सावळी होती, आणि त्या काळातली हिरॉइन गोरीपानच लागायची. तुला आज जे सांगितलं गेलं, ते तेव्हाच्या मुलींनाही तितक्याच बेधडक सांगितलं जायचं. तरी ती ज्या रंगानं आली त्याच रंगानं उभी राहिली.

तिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५चा, पुण्यातला. आई विद्याताई समाजकार्यात, वडील चळवळीत आणि राजकारणात. घरात पाहुणे, कार्यकर्ते, बैठका. लहानपणी ती राष्ट्र सेवा दलात जायची. सेवा दलाचं कलापथक म्हणजे काय हे तुझ्या आजोबांना विचार, ते अजून त्यातली गाणी म्हणतात. गावात सतरंजी अंथरायची, मुलामुलींनी एका रांगेत उभं राहून समूहगीतं म्हणायची, छोटी नाटुकली करायची, समोर शेतकरी, मजूर, बायाबापड्या. तिथं 'लीड' कुणी नसतं. शेजारच्याचा सूर चुकला तर आपल्याला सावरून घ्यावं लागतं. अभिनय शिकवणाऱ्या संस्थेत ती रीतसर कधी शिकली नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या मित्रमंडळींत तिचा वावर होता, आणि अरुण खोपकरांनी तिथं केलेल्या 'तीव्र मध्यम' या डिप्लोमा फिल्ममध्ये तिनं काम केलं, १९७४ साली. तेव्हा ती विशीतही नव्हती. विद्यार्थ्यांची फिल्म, पैसे नाहीत, नाव नाही. तू परवा जी शॉर्टफिल्म 'एक्सपोजर नाही' म्हणून सोडायला निघाली होतीस, तिच्यासंबंधी पुन्हा एकदा विचार कर.

आणि मग टीव्ही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. ते दिसायचं सुरुवातीला मुंबईत आणि वर्षभरात पुण्याकडे. धुळ्यात आम्हाला टीव्ही म्हणजे ऐकीव गोष्ट, त्यामुळे तिला बातम्या देताना मी कधी पाहिलं नाही. पण ज्यांनी पाहिलं ते सगळे एकच सांगतात, की ती आली की माणसं कामं टाकून बघायची. ती तिथं पोचली तेही कुणाच्या शिफारशीची चिठ्ठी घेऊन नव्हे. ओळखीतल्या एका छायाचित्रकारानं काढलेले तिचे फोटो दूरदर्शनच्या माणसांच्या नजरेला पडले आणि तिला बोलावणं गेलं. जीन्समध्ये यायची, बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरूनच साडी गुंडाळायची, कपाळाला मोठं कुंकू, आणि कॅमेऱ्यासमोर बसायची. बघणाऱ्याला कमरेच्या वरचंच दिसायचं.

या गोष्टीवर सगळे हसतात आणि पुढे जातात. मला तिच्यातलं दुसरं काहीतरी महत्त्वाचं वाटतं. काळ्यापांढऱ्या पडद्यावर ना रंग, ना दागिने, ना मागं देखावा. हातात कागद, समोर कॅमेरा, आणि स्वच्छ मराठी. दुष्काळाची बातमी, संपाची बातमी, धरणाची बातमी, सगळं एकाच आवाजात सांगायचं, पण ऐकणाऱ्याला फरक जाणवला पाहिजे. भुवया उडवायच्या नाहीत, गळा काढायचा नाही. रोज काहीही न करता माणसांना धरून ठेवायचं शिक्षण तिला त्या खुर्चीत मिळालं असणार, असं मला तिचे सिनेमे बघताना वाटतं. तिची बरीचशी ताकद ती गप्प असते तेव्हाची आहे.

श्याम बेनेगलांनी तिला हेरलं ते याच काळात. आधी 'चरणदास चोर', मग 'निशान्त', दोन्ही १९७५चे. आणि १९७६चा 'मंथन'. 'मंथन'ची गोष्ट तुला ठाऊक असावी म्हणून थोडी सविस्तर लिहिते. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढून तो सिनेमा उभा केला. शूटिंग राजकोटजवळच्या खेड्यात. सिनेमा लागला तेव्हा तेच शेतकरी ट्रक भरभरून बघायला आले, आपणच काढलेला सिनेमा म्हणून. त्यात स्मिता आहे बिंदू, गावातली एक तरतरीत, संशयी, स्वाभिमानी बाई. शूटिंग बघायला आलेली माणसं विचारायची, हिरॉइन कुठाय? ती तिथल्याच बायकांच्या घोळक्यात, त्यांच्यासारखीच बसलेली असायची, आणि कुणी दाखवून दिलं तरी लोकांना पटायचं नाही, असं सांगतात.

मनू, हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. तुला परवा त्या माणसानं सांगितलं की तू 'हिरॉइन मटेरियल' दिसत नाहीस. स्मिताचं सगळ्यात मोठं कौतुक लोकांनी नेमकं त्याच शब्दांत केलं होतं. ती बायकांमध्ये बसून गप्पा मारत होती तेव्हा बघत होती. त्या पदर कसा घेतात, उकिडवं बसून उठताना हात कुठे टेकतात, परक्या पुरुषाशी बोलताना नजर कुठे ठेवतात, दुधाची चरवी कुठल्या कमरेवर घेतात. हे सगळं तिच्या अंगात उतरलेलं सिनेमात दिसतं. तिच्या हातात कॅमेराही असायचा, फोटो काढायची तिला फार हौस होती. मला ते अजिबात नवल वाटत नाही. जिला बघायची इतकी भूक आहे तिनं कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना राहावं, यात काय ते आश्चर्य!

'मंथन'ची डागडुजी केलेली प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखवली. जमेल तेव्हा ती बघ, जुन्या धुरकट प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त दिसेल.

१९७७ साली तिचे दोन सिनेमे आले आणि त्यातल्या तिच्या दोन बायकांत काही साम्य नाही. 'जैत रे जैत'मधली चिंधी ही ठाकरवाडीतली, डोंगराला आणि मधमाश्यांना भिडणाऱ्या नाग्याबरोबर उभी राहणारी. त्यातली गाणी आपल्या ना. धों. महानोरांची, ती तर तुला तोंडपाठ आहेत. आणि 'भूमिका'मधली उषा ही सिनेमातली नटी. 'भूमिका' उभी आहे हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे, पुढच्या वेळी आलीस की घेऊन जा. हंसाबाई लहानपणीच कामाला लागल्या, घर चालावं म्हणून. त्यांना कुणी विचारलं नाही की तुला नटी व्हायचंय का. घरच्यांनी, नवऱ्यानं, धंद्यातल्यांनी त्यांच्या कमाईवर हक्क सांगितला आणि निर्णय दुसऱ्यांनीच घेतले. स्मिताच्या पाठीशी मात्र शिकलेलं, चळवळीत वाढलेलं घर होतं. डोक्यावर छप्पर होतं, भाड्याची काळजी नव्हती, एखादी भूमिका नाकारली तर संध्याकाळच्या चुलीचा प्रश्न नव्हता. तिचा संघर्ष सांगताना लोक हे गाळतात. मी गाळणार नाही, कारण तू भाड्याच्या खोलीत तिघींबरोबर राहतेस आणि तुझी तिच्याशी सरळसरळ तुलना करणं तुझ्यावर अन्याय होईल.

पण बघ, असं सुरक्षित घर असलेल्या मुलीनं हंसाबाईंचं आयुष्य अंगावर घेतलं आणि कुठंही उपकार केल्यासारखं वाटत नाही. सुरुवातीलाच आपण तिला कॅमेऱ्यासमोर ठसक्यात नाचताना बघतो आणि मग घरी नवऱ्याशी भांडताना. शरीर तेच, पण चालही बदललेली, आवाजही. अल्लड पोर ते लग्नाच्या मुलीची आई, एवढा पल्ला तिनं बाविशीच्या आतबाहेर गाठला. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझं एक ऐक. 'भूमिका' दोनदा बघ. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघ, आणि ती कुठल्या प्रसंगात खांदे पाडते, कुठे मान ताठ करते, ते वहीत लिही. मग मला सांग, नाक बारीक असतं तर त्यात कशाची भर पडली असती.

'चक्र'साठी ती मुंबईच्या झोपडपट्टीत जाऊन तिथल्या बायकांचं राहणं बघत बसायची. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा सिनेमा, १९८१चा. त्यातल्या अम्मासाठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला, प्रेमचंदांच्या कथेवर. बातम्या देणारी मुलगी परत टीव्हीवर आली ती अशी, झुरिया होऊन. पावसात, मेलेल्या नवऱ्यासाठी ती जो टाहो फोडते तो मी एकदाच ऐकला आहे आणि पुन्हा ऐकायचं धाडस होत नाही. आम्हा नर्सबायांना रडण्याचे आवाज ओळखू येतात. तो खरा होता.

टीव्ही म्हणजे खालच्या पायरीचं आणि सिनेमा म्हणजे वरच्या, हे डोक्यातून काढ. तुला त्या मालिकेत मोठ्या नणंदेचं काम मिळतंय, ते लीड नाही म्हणून तू नाराज आहेस. मला ते घ्यावंसं वाटतं. रोज सेट, रोज पाठांतर, रोज आयत्या वेळी बदललेला सीन हातात, यातून जीभ आणि मन दोन्ही तयार होतात. मात्र करार नीट वाच. शिफ्ट बारा तासांची की त्याहून जास्त, दिवसाचे पैसे किती, आणि ते मिळणार कधी. तुमच्याकडे काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पैसे येतात असं तूच म्हणालीस, तेवढ्या दिवसांची सोय आम्ही करतो, ते मनावर घेऊ नकोस. आणि सिंटाचं, म्हणजे सिनेमा-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं, सभासदत्व कसं मिळतं त्याची चौकशी कर. पैसे बुडाले तर दाद मागायला जागा हवी.

'उंबरठा' मी कितीदा पाहिला ते विचारू नकोस. जब्बार पटेलांचा, १९८२चा. सुलभा महाजन चांगल्या घरातली सून, पदरात लहान मुलगी, आणि तिला दूरच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी करायची असते. घरातले कुणी वाईट नाहीत, मारझोड नाही, फक्त कुणाला समजत नाही की हिला घरात सगळं असताना बाहेर काय हवंय. मी नाइट ड्युटीला निघाले की तू दाराशी उभी राहून रडायचीस आणि आजी म्हणायची, "पोरीला टाकून कशाला जाते?" तेव्हा मी सुलभाचा चेहरा आठवायची. रागानं बोलत नाही ती. हळू आवाजात, समजावून सांगते आणि निघते. मला त्या निघण्यानं फार बळ दिलं. तुला मुंबईला पाठवायचं ठरलं तेव्हा घरात मी कुणाचं काही चालू दिलं नाही, त्याचं थोडं श्रेय तिचं आहे. मला आज कुणी विचारलं की नटी समाजाला काय देते, तर मी या सिनेमाकडे बोट दाखवीन.

त्याच वर्षी तिनं 'नमक हलाल' आणि 'शक्ती'ही केले, अमिताभबरोबर. 'नमक हलाल'मधल्या पावसातल्या गाण्यानंतर ती अस्वस्थ झाली होती. पण काम घेतलं म्हणजे मनापासून केलं. मला ते गाणं तिच्या जागेवर वाटत नाही, पण ते केल्यामुळे ती लहान झाली असंही वाटत नाही. तुझ्याही वाट्याला न पटणारी कामं येतील. काही घेशील, काही सोडशील. कुठलं घ्यायचं हे मी इथून सांगणार नाही. एवढंच बघ की अंगाला, आरोग्याला आणि मानाला धक्का लावणारं काही असेल तर ते काम नव्हेच.

१९८५ला पद्मश्री. आणि १३ डिसेंबर १९८६ला ती गेली. मुलगा प्रतीक तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचा. वय ३१. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून. मी तेव्हा शाळेत होते, बाजूच्या काकू रेडिओजवळ बसून रडत होत्या. मी पुढे प्रसूती विभागात काम केलं, बाळंतिणीचा ताप किती झपाट्यानं चढतो आणि एकेक तास किती मोलाचा असतो ते पाहिलं. अजूनही वॉर्डात कुणाला "थोडी कणकण आहे, बाळाला सोडून कुठे जाऊ" असं म्हणताना ऐकलं की माझा आवाज चढतो. त्यामुळे तुला निक्षून सांगते, सेट असो, काम असो, दुखणं अंगावर काढायचं नाही. मागच्या महिन्यातला खोकला अजून आहे का? असेल तर उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा.

आता पैशाचं. तू मागितलेले पैसे देणार नाही, पण त्यातले थोडे मी तुला भाषेच्या आणि आवाजाच्या वर्गासाठी देईन. चांगला शिक्षक शोध, फी कळव. तुझा 'ळ' उत्तम आहे, तो मुंबईत घासून घालवू नकोस, पण वाक्याच्या शेवटी तुझा आवाज पडतो, शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळीही परीक्षकांनी तेच सांगितलं होतं. रोज सकाळी वर्तमानपत्राचं पहिलं पान मोठ्यानं वाच, बातम्या देतात तसं, नाटकीपणा न करता. त्याचं रेकॉर्डिंग मला पाठव. मी नाष्ट्याच्या सुट्टीत ऐकेन आणि खरं खरं सांगेन.

पप्पा म्हणतात, त्या ऑडिशनवाल्याचा नंबर दे, मी बोलतो. देऊ नकोस. तूच त्यांना सांग की मी आहे तशी कामाला तयार आहे, आणि फोटो पाठवशील ते फिल्टर न लावलेले पाठव.

सुधामामा गुरुवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतोय. त्याच्याबरोबर बिबड्या, कळण्याचं पीठ आणि तुझी ती निळी साडी देते आहे, नणंदेच्या लूक टेस्टला उपयोगी पडेल. तो शुक्रवारी सकाळी बोरिवलीला उतरेल, त्याला वाट बघायला लावू नकोस. आणि पीठ लगेच डब्यात भर, तुमच्या खोलीत ओल आहे.

तुझी,
आई